ताई ची : तोल सांभाळण्याची विद्या

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



 

मी काही वक्ता नाही. तीस-बत्तीस वर्षे कारखान्यात फिटर म्हणून घालवली. हातात पाना असला की माझी जीभ चालायची, माईक असला की अडखळते. पण समितीचे म्हणणे पडले की, तुम्ही रोज सकाळी विहाराच्या पटांगणात ते जे हळूहळू हात हलवता, ते काय प्रकरण आहे ते एकदा सगळ्यांना समजावून सांगा. वस्तीतली पोरं तर मला विचारतात, "आजोबा, तुम्ही पाण्याखाली चालल्यासारखं का करता?" काही उपासिकांना वाटले, मला काही बाधा झाली. म्हणून आज खुलासा करायला उभा आहे. या प्रकाराला ताई ची म्हणतात. चीन देशातला हा व्यायाम आहे. पण त्याआधी मला माझ्या मायबद्दल बोलावे लागेल, कारण गोष्ट तिथून सुरू होते.

माझी माय पैठण तालुक्यातल्या एका खेड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. डोक्यावर भरलेले घमेले घेऊन ती उतारावरून अशी झरझर चालायची की घमेल्यातला खडा हलत नसे. तोल काय असतो ते मी पहिल्यांदा तिच्या चालण्यात पाहिले. तीच माय २००९ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, घरातल्या मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती अंथरुणावरून उठली नाही. पाच महिन्यांत गेली. लोक समजूत घालायला आले, म्हणाले, "वय झालं होतं." मीही तेच म्हणालो. म्हातारे माणूस पडणारच, असे आपण धरून चालतो. या धरून चालण्यातच आपली चूक आहे, हे मला फार उशिरा कळले.

मी निवृत्त झालो तेव्हा माझे दोन्ही गुडघे बोलायला लागले होते. कारखान्यातले सिमेंटचे फरशी-काम, दिवसभर उभे राहणे, उकिडवे बसून मशीनखाली शिरणे, याचा हिशोब शरीर मागाहून मागते. विहारात वंदनेला आलो की मांडी घालता येईना. मग मागे भिंतीजवळ खुर्ची घेऊन बसायचो. खरे सांगतो, मला लाज वाटायची. सगळे खाली बसलेले आणि मी वर. त्यामुळे काही महिने मी येणेच बंद केले. कोणी विचारले तर काम होते म्हणून सांगायचो. आज या सभागृहात मागे ज्या खुर्च्या आहेत, त्यांवर बसलेल्यांना मी काय म्हणतो ते बरोबर समजले असेल.

२०१९ साली लेकीचे बाळंतपण होते म्हणून आम्ही दोघे सिंगापूरला गेलो. लेक-जावई तिथे नोकरीला. तिथे सरकारने बांधलेल्या उंच उंच इमारती आहेत आणि बहुतेक इमारतींखालचा मजला मोकळा ठेवलेला असतो. सकाळी नातीला बाबागाडीत घालून मी खाली उतरलो की तिथे पंधरा-वीस म्हातारी माणसे ओळीने उभी असायची. बहुतेक चिनी वंशाची. कोणी सत्तर, कोणी पंच्याहत्तर. पुढे उभे असलेले गुरुजी ऐंशीच्या घरातले. सगळे मिळून अगदी सावकाश हातपाय हलवत. मला पहिल्या दिवशी हसू आले. दुसऱ्या दिवशी हसू थांबले. कारण त्या गुरुजींनी एक पाय जमिनीवरून उचलला, गुडघा पोटापर्यंत आणला, आणि तसेच उभे राहिले. पाय थरथरला नाही. चेहऱ्यावर ताण नाही. ऐंशीचा माणूस! मला एकदम मोरीत पडलेली माय आठवली.

चार-पाच दिवस मी लांबून बघत राहिलो. मग गुरुजींनीच हाताने खूण करून बोलावले. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि माझे इंग्रजी कारखान्यापुरते. तिथे वयाने मोठ्या माणसाला सगळे 'अंकल' म्हणतात. तेव्हा ते माझे अंकल आणि मी त्यांचा अंकल. गटातल्या एक बाई मधून मधून इंग्रजीत सांगायच्या. बाकीचे सगळे बघून शिकलो. तीन महिने शिकलो, आल्यावर सराव सोडला नाही. २०२० च्या टाळेबंदीत गच्चीवर केला आणि सगळे उघडल्यावर या पटांगणात.

तर पहिला धडा काय होता? नुसते उभे राहणे. आपण सगळे इथे आहोत तर करूनच बघू. ज्यांना जमेल त्यांनी उभे राहा. दोन पायांत खांद्याइतके अंतर ठेवा. पावले समोर. गुडघे ताठ लावू नका, किंचित सैल सोडा. डोक्याचा माथा कोणी दोऱ्याने वर धरला आहे असे समजा. खांदे खाली सोडा. बहुतेकांचे खांदे कानाजवळ आलेले असतात आणि ते आपल्याला माहीतही नसते. श्वास नाकाने, पोटापर्यंत, ओढाताण न करता. आता तळपायाकडे लक्ष द्या. भार टाचेवर आहे की चवड्यावर? डाव्यावर जास्त की उजव्यावर? बघा, साठ-सत्तर वर्षे आपण या पायांवर उभे आहोत आणि हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नव्हता. बसा आता.

दुसरा धडा पाऊल टाकण्याचा. आपण चालतो म्हणजे काय करतो? पुढे पडतो आणि पाय आडवा घालून स्वतःला सावरतो. तरुणपणी ते खपून जाते. म्हातारपणी पाय वेळेवर पोचत नाही, मग माणूस आपटतो. ताई चीमध्ये आधी एक पाय पूर्ण रिकामा करतात. सगळा भार दुसऱ्या पायावर. मग रिकामा पाय उचलून पुढे ठेवतात, टाच आधी, पण त्यावर भार देत नाहीत. जागा पक्की आहे याची खात्री झाली की मग हळूहळू भार त्या पायावर नेतात. ते याला 'रिकामे' आणि 'भरलेले' म्हणतात. रात्रीच्या वेळी रानात पिकाला पाणी द्यायला जाणारा माणूस बांधावरून कसा चालतो ते आठवा. पाय ठेवतो, चाचपतो, मग भार देतो. तीच चाल. शेतकऱ्याला ती अंधार शिकवतो, ताई ची ती उजेडात शिकवते.

आता नावाबद्दल. या विद्येचे पूर्ण नाव ताई ची चुआन. 'ताई ची' म्हणजे परम टोक, ज्याच्या पलीकडे काही नाही असे मूळ. 'चुआन' म्हणजे मूठ, मुष्टियुद्ध. म्हणजे मुळात ही लढाईची विद्या आहे. त्यामागे चिनी लोकांचा यिन आणि यांगचा विचार आहे. ते अर्धे काळे अर्धे पांढरे वर्तुळ तुम्ही पाहिले असेल. यिन या शब्दाचा जुना अर्थ डोंगराची सावलीची बाजू आणि यांग म्हणजे उन्हाची बाजू. आपल्या विद्यापीठामागच्या लेण्यांचा डोंगर घ्या. सकाळी एक बाजू उन्हात असते, एक सावलीत. दुपारनंतर पालटते. डोंगर एकच. ऊन आणि सावली एकमेकांचे शत्रू नाहीत, एक सरली की दुसरी येते. ताई चीमध्ये हेच शरीरात करायचे. हात वर जातो तेव्हाच खाली येण्याची तयारी असते. पुढे गेलेला भार मागे येतो. जोर लावायचा तिथे सैल व्हायचे, आणि सैल होताना ढासळायचे नाही. महापुरात झाड वाहून जाते आणि लव्हाळे टिकते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. चीनमध्ये लाओत्झूच्या परंपरेने पाण्याकडे बघून तेच सांगितले.

हा व्यायाम आला कुठून? चीनच्या हेनान प्रांतात वेन नावाचा तालुका आहे. तिथे चेन घराण्याचे एक गाव आहे. सतराव्या शतकात त्या घराण्यातल्या चेन वांगथिंग या लष्करी माणसाने ही विद्या बांधली असे अभ्यासक मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात यांग लूछान नावाचा बाहेरचा माणूस त्या गावात शिकला आणि त्याने ती राजधानी बीजिंगला नेली. त्याचा नातू यांग छंगफू याने तिला आज दिसते ते मोकळे, संथ रूप दिले. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी २४ हालचालींचा एक छोटा क्रम तयार केला. पाच-सहा मिनिटांत होतो. मी करतो तो हाच. २०२० साली युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

इथे कोणी म्हणेल, "हे आपले नाही, मग विहारात कशाला?" प्रश्न रास्त आहे. काही लोक घाईने उत्तर देतात की, आपला बोधिधम्म चीनला गेला आणि त्याने तिथे सगळी युद्धकला शिकवली, म्हणून हे मूळचे आपलेच. ऐकायला बरे वाटते. पण इतिहासकार ही दंतकथा मानतात. तसेच चांग सानफंग नावाच्या ताओ साधूने स्वप्नात ताई ची पाहिली, हीसुद्धा दंतकथाच. आपण खोट्यावर अभिमान उभा करू नये. खरे आहे तेच पुष्कळ आहे. भारतातून भिक्खू चीनला गेले. त्याच हेनान प्रांतात लोयांगला श्वेताश्व विहार आहे, तो चीनमधला पहिला बौद्ध विहार मानला जातो. तिकडून सातव्या शतकात ह्युएन त्संग आला, महाराष्ट्रात येऊन गेला, आणि त्याने डोंगरातल्या ज्या भव्य विहाराचे वर्णन केले ते अजिंठ्याचे असावे असे मानतात. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जखमींची सेवा करायला चीनला गेले, १९४२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. माणसे इतकी ये-जा करतात, तर एक चांगला व्यायाम आला म्हणून काय बिघडले? त्याच्यावर आपला शिक्का मारायची गरज नाही. ताई चीचे मूळ ताओ विचारात आहे, धम्मात नाही. हे स्वच्छ सांगून मगच मी पुढे जातो.

दुसरी शंका त्याहून महत्त्वाची. ताई ची शिकवणारे काही लोक शरीरातून वाहणाऱ्या एका शक्तीबद्दल बोलतात. तिलाही इकडे 'ची' म्हणतात. गंमत अशी की ताई चीमधला 'ची' आणि हा 'ची' हे चिनी भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, लिहिण्यातही वेगळे. आपल्या अक्षरांत ते सारखे दिसतात एवढेच. या दुसऱ्या शब्दाचा साधा अर्थ वाफ, हवा, श्वास. आता कोणी म्हणतो की हात न लावता या शक्तीने माणूस पाडतो, कोणी म्हणतो कॅन्सर बरा करतो. आपण बाबासाहेबांची लेकरे आहोत. बुवाबाजी सोडून आलो, ती चिनी कपडे घालून परत आली तर तिला दारात उभे करायचे नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः पडताळा आणि हितकारक असेल तर स्वीकारा. मी तेच केले. ती शक्ती मला कधी जाणवली नाही. पण माझा खांदा कानाजवळ चढला आहे हे जाणवले. श्वास छातीत अडकतो हे जाणवले. उजव्या पायावर मी भार देतच नाही हे जाणवले. मला तेवढे पुरले.

आणि इथेच मला धम्माशी नाते दिसले. आपण घरात, विहारात बुद्धमूर्ती बसवतो ती बहुधा पद्मासनातली. त्यामुळे ध्यान म्हणजे बसणे असे आपल्या मनात पक्के झाले. पण सतिपट्ठानात चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे अशा चारही अवस्थांत जागे राहायला सांगितले आहे. पुढे जाताना, मागे येताना, हात आखडताना, पसरताना, जेवताना, अगदी शौचाला जातानासुद्धा सजग राहावे असे आहे. बोधगयेला महाविहाराच्या उत्तर बाजूला चंक्रमणाची जागा आजही दाखवतात, जिथे बुद्धत्वप्राप्तीनंतर तथागत चालत राहिले असे मानतात. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची निजलेली भव्य मूर्ती आहे. आणि आपल्या घराजवळच्या लेण्यांत सातव्या लेण्यात जाऊन बघा. गाभाऱ्याच्या भिंतीवर मधोमध नाचणारी स्त्री आणि दोन्ही बाजूंना वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. ज्यांनी ही लेणी कोरली त्यांना हलणारे शरीर परके नव्हते.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो. साधनेचे कष्ट झेपतात. आजार कमी होतात. खाल्लेले-प्यालेले नीट पचते. आणि चालताना मिळालेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. बघा, पाचातले चार लाभ शरीराचे आहेत! म्हणून ज्याला मांडी घालता येत नाही त्याने ध्यानाला मुकायचे कारण नाही. त्याने चालावे. ताई ची म्हणजे धम्मातले चंक्रमण नव्हे. पण माझ्यासारख्याला, ज्याचे मन बसले की बाजारात जाते, त्याला शरीराला धरून मन जागेवर ठेवायला ती फार उपयोगी पडली. कारण लक्ष गेले की तोल जातो. लबाडी चालत नाही.

आता माझी फजिती सांगतो. सिंगापूरहून आल्यावर मला उत्साह चढला. वाटले, अर्ध्या तासाने बरे वाटते तर दीड तासाने गुडघे नवे होतील. पहाटे उठून मी तेच तेच क्रम पाच-सहा वेळा करू लागलो, तेही खूप खाली वाकून, कारण चित्रांत ते गुरू खाली वाकलेले दिसायचे. तीन आठवड्यांत उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी चांगलीच खरडपट्टी काढली. पत्नी म्हणाली, "जलमभर ओव्हरटाइम केला, आता व्यायामातपण ओव्हरटाइम?" दहा दिवस पलंगावर होतो. तेव्हा सोण भिक्खूची गोष्ट पुन्हा वाचली.

सोण हा चंपा नगरीच्या श्रीमंत घरचा मुलगा, फार लाडात वाढलेला. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमणाचा असा सपाटा लावला की तळपाय फुटून रक्त वाहू लागले. तरी मन शांत होईना. घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तेव्हा तथागत त्याच्याजवळ गेले. सोण पूर्वी वीणा चांगली वाजवायचा. त्यांनी विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार ढिल्या सोडल्या तर? तरीही नाही. मग साधनेचेही तसेच आहे, फार ताणले तर अस्वस्थता येते, फार ढिले सोडले तर आळस येतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. पण सुजलेला गुडघा उशीवर ठेवून वाचली तेव्हा कळली. आणि खरे तर मी फिटर, मला आधीच कळायला हवी होती. बोल्ट जास्त आवळला की आटे जातात, ढिला ठेवला की थरथरून सुटतो. पोरांना मी आयुष्यभर हेच शिकवले आणि स्वतःच्या गुडघ्याला मात्र लावले नाही.

त्या २४ हालचालींना मोठी छान नावे आहेत. जंगली घोड्याची आयाळ विंचरणे, पांढऱ्या करकोच्याने पंख पसरणे, ढगांसारखे हात. आणि पाचव्या हालचालीचे नाव आहे, वीणा वाजवणे. चिनी लोकांचे ते पिपा नावाचे तंतुवाद्य, आपल्या वीणेसारखेच तारांचे. तिथे आलो की मी रोज मनात सोणाची आठवण काढतो आणि खांदे तपासतो. तार जास्त ताणली तर नाही ना?

फायद्यांबद्दल लोक फार फुगवून सांगतात, म्हणून मी मोजकेच आणि तपासलेलेच सांगतो. अमेरिकेत २०१२ साली कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, १९५ रुग्णांवर अभ्यास झाला. सहा महिने आठवड्यातून दोनदा ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. २०१६ साली गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांची ताई ची आणि फिजिओथेरपी यांचा गुण सारखाच आला. आणि २०१८ साली सत्तरीच्या पुढच्या, पडण्याचा धोका असलेल्या ६७० माणसांवरचा अभ्यास आला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचे पडणे निम्म्याहून कमी होते. मंडळी, जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात सर्वाधिक मृत्यू साठीच्या पुढच्यांचे. माझी माय त्यातलीच एक. म्हातारे माणूस पडणारच असे मी धरून चाललो होतो. ते खरे नव्हते. पडणे पुष्कळदा टाळता येते. हे तेव्हा कळले असते तर मोरीत एक दांडी बसवली असती, तिला रोज पाच मिनिटे भिंतीला धरून एका पायावर उभे केले असते.

माझे गुडघे बरे झाले का? नाही. झिजलेले झिजलेच. आजही मी मांडी घालत नाही. पण जिना उतरताना कठडा सोडता येतो. जमिनीवर बसलो तर कोणाचा हात न धरता उठतो. मागच्या पावसाळ्यात लेण्यांच्या ओल्या पायऱ्यांवर पाय सरकला, पण भार मागच्या पायावर होता, म्हणून सावरलो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुम्हीही गोळ्या बंद करू नका. साखर, हृदय, चक्कर असे काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

शिकायचे कसे? रोज वीस मिनिटे पुष्कळ. पोट भरलेले नको. सपाट जागा, सैल कपडे, पातळ तळव्याचे बूट. पहिला महिना फक्त उभे राहणे आणि भार इकडून तिकडे नेणे. शेजारी खुर्ची किंवा भिंत असावी. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि आत वळू द्यायचा नाही. दुखले की थांबायचे. मोबाईलवर बघून शिकता येते, पण चूक दाखवायला कोणीतरी माणूस पाहिजे. ज्यांना उभे राहवत नाही त्यांना खुर्चीत बसून हातांच्या हालचाली करता येतात. तरुणांना यातली लढाईची बाजू आवडेल. दोघांनी मनगटाला मनगट लावून एकमेकांचा जोर ओळखायचा असा एक सराव आहे. त्यात धक्क्याला धक्क्याने उत्तर द्यायचे नाही, त्याला वाट करून द्यायची. घरातल्या भांडणातही हे करून बघा.

शेवटी एक विनंती. आपली म्हातारी माणसे म्हणजे कोण? खडी फोडलेली, ऊस तोडलेला, हमाली केलेली, धुणीभांडी केलेली माणसे. या शरीरांकडून जन्मभर काम घेतले गेले. तुला काय होते, असे त्यांना कोणी विचारले नाही, त्यांनी स्वतःलाही विचारले नाही. विशेषतः बायाबापड्यांनी. सकाळी या म्हणावे तर त्यांना डबे करायचे असतात, आणि पाण्याचा दिवस असला तर विचारायलाच नको. म्हणून समितीकडे माझे मागणे आहे की, सकाळी वंदनेनंतर अर्धा तास आणि ज्यांना सकाळी जमत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी अर्धा तास, हे पटांगण मोकळे ठेवावे. फी नाही, गणवेश नाही. मला येते तेवढे मी दाखवीन. माझ्याहून जाणकार मिळाला तर मी मागच्या ओळीत उभा राहीन. आणि सभागृहातल्या खुर्च्या मागे भिंतीला लावू नका. सगळ्यांच्या बरोबरीने ओळीत ठेवा. खुर्चीच्या लाजेने कोणी विहारात येणे सोडू नये, मी सोडले होते तसे.

आणि घरी गेल्यावर एक काम करा. आपली माय, आजी, सासू मोरीत कशी जाते ते आज बघा. फरशी ओली आहे का, धरायला काही आहे का, तेवढे बघा. तेवढे केलेत तरी माझ्या बोलण्याचे चीज झाले.